पॅन्क्रियाटायटिसनंतरच्या मधुमेहासाठी लॅबमध्ये मिळणाऱ्या चाचण्या: कोणती घ्यावी, कधी घ्यावी, कोणती सोडावी

लॅबच्या काउंटरवर 'डायबेटिस पॅकेज' मागितलं की हाती पडतं ते साधारण ठरलेलं असतं: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि जोडीला थायरॉइड. नेहमीच्या टाइप २ मधुमेहासाठी एवढं पुरतं. पण स्वादुपिंडाचा तीव्र दाह, म्हणजे अॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस, होऊन गेलेल्या माणसाला हे पॅकेज फक्त साखर वाढली आहे का एवढंच सांगतं. ती कशामुळे वाढली, शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनवतंय, रोगप्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उठली आहे का, यांची उत्तरं त्यात नसतात. औषध मात्र याच उत्तरांवर ठरायला हवं.

आमचं मत आधीच सांगतो. या पॅकेजला सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते दाखवणारी) आणि जीएडी अँटीबॉडी (रोगप्रतिकारशक्ती बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, उठल्याची खूण शोधणारी) या दोन चाचण्या जोडल्या, त्या योग्य वेळी आणि योग्य रीतीने केल्या, तर पैसे सत्कारणी लागतात. 'इम्युनिटी प्रोफाइल' किंवा 'सायटोकाइन पॅनेल' (प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना पाठवतात त्या रासायनिक संदेशांची मोजणी) या कामासाठी घेऊ नये. आणि जीएडी निगेटिव्ह आली म्हणून रोगप्रतिकारशक्तीचा यात काही हात नाही असं कुणी सांगितलं, तर ते मानू नये. ती चाचणी या सगळ्या घडामोडीचा एक छोटा कोपराच दाखवते.

चाचणी का करायची

पॅन्क्रियाटायटिसचा पहिलाच झटका येऊन गेलेल्या ११०२ रुग्णांची माहिती २४ अभ्यासांतून एकत्र करून २०१४ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ३७ टक्के लोकांना मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था आढळली. पहिल्या १२ महिन्यांत नव्याने मधुमेह झालेले सुमारे १५ टक्के होते, आणि पाच वर्षांनी हा धोका जवळजवळ पावणेतीन पट झालेला होता. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की झटका किती गंभीर होता याचा यावर फारसा परिणाम दिसला नाही. तीन दिवसांत घरी आलेला माणूसही या यादीत येतो. म्हणून 'माझा सौम्य होता, मला चाचणीची गरज नाही' हा हिशेब चुकतो.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची सध्याची शिफारस स्पष्ट आहे: झटक्यानंतर ३ ते ६ महिन्यांत मधुमेहाची तपासणी करावी आणि त्यानंतर दरवर्षी. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डवर पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन, दारू बंद, तेलकट बंद, हे सगळं लिहिलेलं असतं. ही तारीख बहुतेक वेळा नसते. ती स्वतः मागून लिहून घ्यावी.

आत काय घडतं, आणि त्यातलं चाचणीला काय दिसतं

हे समजलं नाही तर कुठलाही रिपोर्ट नीट वाचता येणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस बनवणाऱ्या पेशींचा असतो. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ज्या लँगरहान्सच्या बेटांमध्ये असतात, ती सगळी बेटं मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग व्यापतात आणि पाचक पेशींमध्ये विखुरलेली असतात. झटक्यात ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य आतड्यात पोहोचण्याआधी पेशीच्या आतच जागं होतं. पेशी फुटतात, आणि त्यांच्यातलं डीएनए, हिस्टोन, एटीपी, एचएमजीबी१ हे प्रथिन असं सगळं बाहेर सांडतं. जंतू नसतानाही शरीराची पहिली फळी, म्हणजे न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज पेशी, ते धोक्याची सूचना म्हणून वाचते आणि तिथे धावते. मॅक्रोफेजच्या आत एनएलआरपी३ नावाची यंत्रणा सुरू होते, तिच्यातून कॅस्पेस-१ जागं होतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं. सोबत टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ वाढतात.

बीटा पेशींवर इंटरल्युकिन-१ चा संदेश पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) भरपूर असतात. म्हणून शेजारच्या पाचक पेशींसाठी पेटलेल्या या आगीची झळ त्यांना फार लागते. इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा एकत्र आले की बीटा पेशीत नायट्रिक ऑक्साइड वाढतं, इन्सुलिन सोडण्याची क्रिया मंदावते आणि मारा टिकला तर पेशी मरते. दुसरीकडे इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ यकृत, चरबी आणि स्नायूंवर काम करतात आणि तिथे इन्सुलिनचा असर कमी करतात. म्हणजे कारखान्यात उत्पादन घटतं आणि त्याच वेळी मागणी वाढते. पोटातली सूज ओसरल्यावरही ही मंद जळजळ काहींच्या रक्तात महिनोन्महिने राहते. सौम्य झटक्यानंतरही मधुमेह का होतो, हे केवळ 'स्वादुपिंडाचा तुकडा सडला' या हिशेबाने सुटत नाही. या मंद जळजळीने बऱ्याच अंशी सुटतं.

इथपर्यंतचं सगळं जन्मजात प्रतिकारशक्तीचं काम आहे. यात अँटीबॉडी तयार होत नाही, त्यामुळे कुठल्याही अँटीबॉडी चाचणीत ते दिसत नाही.

दुसरी शक्यता अर्जित प्रतिकारशक्तीची. दाहात बीटा पेशींचे आतले घटक उघडे पडतात, त्यांच्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग १ चे रेणू (पेशीच्या आतले घटक टी पेशींना दाखवणारे) वाढतात, डेंड्रिटिक पेशी ते घटक जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये नेऊन टी पेशींना दाखवतात. ज्याच्या जनुकांत आधीच कल आहे, उदाहरणार्थ एचएलए-डीआर३ किंवा डीआर४, त्याच्यात टी पेशी बीटा पेशींना शत्रू ठरवू शकतात. मग टाइप १ मधुमेहात सापडतात त्याच अँटीबॉडी रक्तात येतात. हे घडू शकतं, हे जीवशास्त्राला धरून आहे. किती जणांत घडतं, हा प्रश्न मात्र अजून मोजला जातोय.

त्यासाठीच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मधुमेह विभागाने २०२० मध्ये दहा केंद्रांचा एक गट उभारला. त्याच्या अभ्यासाचं नाव ड्रीम. सुमारे ८०० रुग्णांना झटक्यानंतर नोंदवून त्यांची ग्लुकोज चाचणी, मिश्र जेवणाची चाचणी, बीटा पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी वेळोवेळी तपासायच्या, अशी त्याची आखणी आहे. टाइप १ हा शब्द त्या गटाच्या नावातच आहे. या प्रश्नाला किती वजन दिलं गेलंय, ते यावरून कळतं.

इथे एक अडचण नोंदवायला हवी. स्वादुपिंडाच्या आजारातून आलेल्या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात, आणि तो ठरवण्याचे जे निकष नेहमी उद्धृत होतात त्यांत 'टाइप १ च्या अँटीबॉडी नसणं' ही एक मुख्य अटच आहे. अँटीबॉडी सापडली की माणूस त्या यादीतून बाहेर. अशा निकषांनी मोजत राहिलं तर पॅन्क्रियाटायटिसनंतर स्वप्रतिकारी मधुमेह दुर्मिळ आहे असंच उत्तर येणार. डॉक्टरांनी रिपोर्टवर 'टाइप ३सी' लिहिलं असेल तर अँटीबॉडी तपासून लिहिलंय की न तपासता, एवढं विचारावं.

एचबीए१सी: स्वस्त, उपयोगी, पण तारीख चुकली की दिशाभूल

या चाचणीचा सगळ्यात मोलाचा वापर बहुतेक जण करतच नाहीत. झटक्यासाठी दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशी, रक्त चढवण्याआधी, एकदा एचबीए१सी करून घ्यावी. त्या वेळी साखर २५० दिसत असेल आणि एचबीए१सी ५.५ असेल, तर ही साखर आजारपणाच्या ताणाची. एचबीए१सी ८ असेल, तर मधुमेह आधीपासूनच होता आणि पॅन्क्रियाटायटिसने तो फक्त उघडा पाडला. ही एक नोंद नसेल तर पुढे वर्षभर 'आधीचा की नंतरचा' हा वाद चालतो.

झटक्यानंतर ९० दिवसांच्या आत केलेली एचबीए१सी आजारपणातली साखर आणि त्यानंतरची साखर यांची सरमिसळ दाखवते. म्हणूनच पॅन्क्रियाटायटिसनंतरचा मधुमेह ठरवताना ९० दिवसांनंतरचीच मोजणी धरतात: एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त, किंवा उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त.

लोहाच्या कमतरतेच्या अॅनिमियात ती खोटी वाढलेली येते. रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटी कमी येऊ शकते. विदर्भात, नंदुरबार-धुळे पट्ट्यात आणि मेळघाटात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल आजार असलेल्या माणसात ही चाचणी निरर्थक ठरते, वाहकात ती वापरलेल्या पद्धतीवर अवलंबून असते. लॅबला 'एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या पद्धतीवर) करता का, आणि वेगळं हिमोग्लोबिन दिसलं तर रिपोर्टवर लिहिता का' हे विचारावं. पर्याय म्हणून फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी चाचणी) सुचवलं जातं, पण पॅन्क्रियाटायटिसनंतर अल्ब्युमिन खाली गेलेलं असताना तेही फसवं कमी येतं. अशा वेळी ओजीटीटीच, म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची चाचणी, करावी.

ओजीटीटी: कंटाळवाणी, पण लपलेलं पकडते

पहिल्या तपासणीसाठी आमची पसंती हिलाच. स्वादुपिंडाच्या नुकसानीत उपाशीपोटीची साखर बराच काळ नॉर्मल राहते आणि जेवणानंतरची आधी बिघडते.

नियम साधे आहेत, पण पाळले जात नाहीत. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खावी; कमी खाऊन गेलं तर खोटी वाढलेली साखर मिळते. ८ ते १४ तास उपाशी. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. बाजारात मिळणारी ग्लुकोज पावडर बहुधा पाण्याचा अंश असलेली, म्हणजे मोनोहायड्रेट असते, ती ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. चहाच्या चमच्याने अंदाजे घालणाऱ्या लॅबमध्ये ही चाचणी करू नये. दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० आणि पुढे मधुमेह. मधल्या काळात चालणं, सिगारेट, चहा नको.

ग्लुकोजच्या नळीबद्दल एक सूचना. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीतही पहिला तास-दोन तास पेशी साखर खात राहतात. नळी साधी असेल तर तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते, आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरच्या उन्हात त्याहूनही जास्त. घरून सॅम्पल नेणाऱ्या सेवेत दोन-तीन तास फिरून लॅबला पोहोचलेली '११८' खरी किती होती हे कुणीच सांगू शकत नाही. या एका चाचणीसाठी लॅबमध्ये जाऊनच रक्त द्यावं.

सी-पेप्टाइड: सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात जास्त चुकीची केली जाणारी

शरीर इन्सुलिनचा एक रेणू सोडतं तेव्हा सी-पेप्टाइडचाही एकच सोडतं. इन्सुलिनचं इंजेक्शन घेत असलात तरी त्यात सी-पेप्टाइड नसतं, म्हणून तुमचं स्वतःचं उत्पादन किती हे ही चाचणी सांगते. रक्तात ते सुमारे ३० मिनिटं अर्धायुष्य घेऊन टिकतं, इन्सुलिन चार-पाच मिनिटंच. त्यामुळे ते मोजणं सोपं जातं.

पहिली चूक: एकटं सी-पेप्टाइड मोजणं. त्याच नळीच्या वेळची साखर शेजारी नसेल तर आकड्याला अर्थ नाही. साखर ७० असताना सी-पेप्टाइड कमी असणं हे नॉर्मल स्वादुपिंडाचं लक्षण आहे. साखर १४४ च्या वर असताना, जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेलं सॅम्पल वाचायला सगळ्यात सोपं. तेव्हा ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आलं तर इन्सुलिनची तीव्र कमतरता, १.८ च्या वर असेल तर स्वतःचं इन्सुलिन पुरेसं आहे आणि अडचण मुख्यतः त्याच्या असराची. मधला आकडा आला तर काही महिन्यांनी पुन्हा. रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर नॅनोग्रॅमच्या आकड्याला ०.३३ ने गुणून तुलना करावी.

दुसरी चूक: झटक्याच्या काळातच करणं. साखर आठवडाभर ३०० च्या आसपास राहिली की बीटा पेशी थकतात आणि सी-पेप्टाइड तात्पुरतं खाली जातं. तेव्हाचा आकडा पाहून 'आयुष्यभर इन्सुलिन' असं सांगणं घाईचं. साखर आटोक्यात आल्यावर, ३ महिन्यांनी करावं.

तिसरी चूक केसांच्या गोळ्यांमुळे होते, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच यंत्रांची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालते. तिथे रक्तातलं जास्तीचं बायोटिन सी-पेप्टाइड खोटं कमी दाखवतं. किमान तीन दिवस आधी अशी गोळी बंद ठेवावी. किडनी कमजोर असेल तर उलटं होतं: सी-पेप्टाइड साचतं आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून रिपोर्टवर क्रिएटिनिन शेजारी हवं.

सॅम्पलची वाहतूक ही चौथी. साध्या नळीतलं रक्त लवकर यंत्रात फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) सीरम, म्हणजे रक्ताचा पेशींविना द्रव भाग, वेगळं केलं नाही तर सी-पेप्टाइड विघटित होतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ते सामान्य तापमानात २४ तास टिकतं, पण लॅबचं यंत्र प्लाझ्मावर तपासून घेतलेलं असायला हवं. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल पुण्या-मुंबईला जात असेल तर 'इथेच फिरवून सीरम थंड पाठवता का' हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर देताना अडखळणारं सेंटर सोडावं.

जीएडी आणि तिची भावंडं

जीएडी ६५ विरुद्धची अँटीबॉडी ही प्रौढांत सगळ्यात जास्त सापडणारी, म्हणून सुरुवात तिच्यापासून. उपाशी राहायची गरज नाही, झटक्यापासून किती दिवस झाले याचाही फारसा फरक पडत नाही. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, कारण बहुतेक सॅम्पलं मध्यवर्ती लॅबला जातात.

कट-ऑफ किटनुसार बदलतो. एका लॅबचा ५, दुसरीचा १०, तिसरीचा १७ असू शकतो, तेव्हा दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. आपल्या रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशीच ताडावं. मर्यादेच्या जेमतेम वर आलेली पॉझिटिव्ह पाहून घाबरू नये, कारण निरोगी माणसांतही शंभरात एखाद्याला ती तशी येते. अशा वेळी बीटा पेशींविरुद्धच्याच आयए-२ आणि झेडएनटी८ या दोन अँटीबॉडी चाचण्या करून घ्याव्यात. दोन वेगवेगळ्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह असतील तर शंकेला जागा फार उरत नाही. रुग्णालयात शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर देणाऱ्याच्या अँटीबॉडी तुमच्या रक्तात दिसतात. तेव्हा काही महिने थांबावं.

इन्सुलिन ऑटोअँटीबॉडी ही चाचणी मात्र पॅनेलमधून काढून टाकायला सांगावी, जर दोन आठवड्यांहून जास्त काळ इन्सुलिनची इंजेक्शनं घेतली असतील. इंजेक्शनविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी आणि आजाराच्या अँटीबॉडी ती वेगळ्या ओळखू शकत नाही. चार अँटीबॉडींच्या तयार पॅनेलमध्ये ती असते, आणि रुग्णालयातून इन्सुलिनवर घरी आलेल्यांना हे पॅनेल सर्रास विकलं जातं.

निगेटिव्ह म्हणजे काय? प्रौढांच्या टाइप १ मध्येही ५ ते १० टक्के लोकांत अँटीबॉडी सापडत नाही. आणि वर सांगितलेली जन्मजात प्रतिकारशक्तीची जळजळ तर ही चाचणी पाहतच नाही. निगेटिव्हचा अर्थ एवढाच: या घटकेला अँटीबॉडीवाल्या स्वप्रतिकारी मधुमेहाची शक्यता कमी. वर्षभरात सी-पेप्टाइड घसरत गेलं तर पुन्हा करावी.

न घ्यायच्या चाचण्या

सायटोकाइन पॅनेल, इंटरल्युकिन-६, 'इम्युनिटी स्कोअर', लिम्फोसाइटचे प्रकार. संशोधनात ही मोजमापं फार मोलाची आहेत, कारण तिथे शेकडो लोकांची सरासरी पाहतात. एका माणसाच्या एका दिवसाच्या इंटरल्युकिन-६ वरून त्याला मधुमेह होईल की नाही, हे ठरवता येत नाही. साधी सर्दी, दुखरा दात, वाढलेलं वजन, कशानेही तो आकडा हलतो. त्यावर आधारित कुठलंही औषध या आजारासाठी दिलं जात नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि कॅप्सूल तर इथे तर्कालाच सोडून आहेत. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती अनावर झाली आहे.

आयजीजी४ चाचणीचा गोंधळ वेगळा. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस नावाचा स्वतंत्र आजार आहे, त्यात कावीळ होते, स्कॅनवर स्वादुपिंड फुगीर दिसतं, स्टेरॉइडने तो उतरतो. त्याच्या एका प्रकारात आयजीजी४ वाढतं. बीटा पेशींवरच्या स्वप्रतिकाराशी त्याचा संबंध नाही. झटक्याचं कारण सापडत नसेल आणि स्कॅन तसा असेल तरच ही चाचणी करावी.

विष्ठेतलं इलास्टेज, जोडीला घेण्यासारखं

इलास्टेज हे स्वादुपिंडाच्या पाचकरसातलं एक द्रव्य. वाटाण्याएवढं सॅम्पल, उपाशी राहणं नाही, आणि सामान्य तापमानात काही दिवस टिकतं, कुरिअरला सोयीचं. २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली पाचकरस कमी, १०० च्या खाली बरेच कमी. पातळ जुलाब होत असताना देऊ नये, पाण्याने पातळ होऊन खोटं कमी येतं. एन्झाइमच्या (पाचकद्रव्यांच्या) कॅप्सूल चालू असल्या तरी बंद करायची गरज नाही. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात आणि नेहमीची मोनोक्लोनल पद्धत फक्त माणसाचं इलास्टेज मोजते. कॅप्सूलचा हा स्रोत रुग्णाला आधी सांगायला हवा, अनेक घरांत तो प्रश्न मोठा असतो.

मधुमेहाच्या तपासणीत हिचं स्थान असं: अन्न पचत नसेल तर साखर कधी उसळते, कधी एकदम खाली जाते, आणि इन्सुलिनचा डोस कितीही बदलला तरी बसत नाही. इलास्टेज कमी असेल तर आधी कॅप्सूलचा डोस नीट करावा. मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), पहिल्या घासांबरोबर सुरुवात करून जेवणभर विभागून.

रिपोर्टवरून औषधात काय बदलतं

सी-पेप्टाइड ०.६ च्या खाली आणि जीएडी पॉझिटिव्ह: इन्सुलिन थांबवायचं नाही, उपास असला तरी बेसल (जेवणाशी न जोडलेला, दिवसभर काम करणारा) डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचा नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या इथे धोक्याच्या. साखर फारशी न वाढताही केटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि त्याची पोटदुखी-उलटी पुन्हा पॅन्क्रियाटायटिस झाल्यासारखी भासते. गंमत म्हणजे केटोअॅसिडोसिसमध्ये अमायलेज-लायपेजही वाढतात, म्हणून घरात कीटोनच्या पट्ट्या असाव्यात.

सी-पेप्टाइड कमी, अँटीबॉडी सगळ्या निगेटिव्ह, इलास्टेजही कमी: हे स्वादुपिंडाच्या एकूण नुकसानीचं चित्र. इथे ग्लुकागॉन (साखर वर आणणारं संप्रेरक) बनवणाऱ्या अल्फा पेशीही गेलेल्या असू शकतात, म्हणून साखर खाली गेली की शरीर तिला सावरत नाही. इन्सुलिन लागतं, पण कमी डोसपासून, आणि एचबीए१सी ६ वर आणायचा अट्टहास न करता.

सी-पेप्टाइड चांगलं, अँटीबॉडी निगेटिव्ह, वजन जास्त: बहुतेक वेळा मेटफॉर्मिनने सुरुवात होते. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या गोळ्या आणि जीएलपी-१ ची इंजेक्शनं पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलेल्यांना जपून, शक्यतो टाळूनच दिली जातात. मधुमेहाच्या नव्या डॉक्टरांना जुना झटका स्वतःहून सांगावा.

ज्यांचा झटका ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेल्याने आला होता त्यांनी सॅम्पल दुधाळ आहे का हे लॅबला विचारावं. तशा सीरममध्ये अमायलेज आणि सोडियम दोन्ही खोटे कमी येतात. मधुमेह आधी आणि पॅन्क्रियाटायटिस नंतर, असा उलटा क्रमही याच गटात जास्त सापडतो.

कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब चालू असलेल्यांचा मार्ग पूर्ण वेगळा. ही औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढतात आणि त्यातून पॅन्क्रियाटायटिस आणि मधुमेह दोन्ही होऊ शकतात, मधुमेह तर दिवसांत. तिथे ३ महिने थांबायचं नसतं; तहान आणि लघवी वाढली की त्याच दिवशी साखर, कीटोन आणि सी-पेप्टाइड.

घ्यायचा क्रम

दाखल झाल्याच्या दिवशी एचबीए१सी. तीन महिन्यांनी ओजीटीटी आणि एचबीए१सी. साखर वाढलेली निघाली तर जेवणानंतरचं सी-पेप्टाइड साखरेसोबत, आणि जीएडी. जीएडी काठावर असेल तर आयए-२ आणि झेडएनटी८. जुलाब, तेलकट विष्ठा किंवा वजन घटत असेल तर इलास्टेज. सगळं नॉर्मल आलं तर वर्षाने पुन्हा फक्त उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, आणि तसंच दरवर्षी. लॅबच्या फॉर्मवर चार गोष्टी लिहून द्याव्यात: झटक्याची तारीख, इन्सुलिन कधीपासून, शेवटचं जेवण किती वाजता, बायोटिन चालू की बंद. फॉर्मवर जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहावं आणि त्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत तो पोहोचतो.